तुळईचं टोक

कोल्हापुरात समोरच्याच्या तोंडाकडे न बघता छताकडे बघून बोलणारा एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून यावा, हे माझं नशीब. मामा जन्माचे सुतार. मला बघायला आले तेव्हा शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही, चहा घेता घेता वर बघत म्हणाले, "पोरगं बरं हाय, पन तुळई वाकलीया."

जुन्या घरांची दुरुस्ती हाच माझा धंदा असल्यामुळे त्यांच्या तावडीतून सुटका नाही. अठ्ठ्याहत्तरी गाठली तरी प्रत्येक साइटवर हजर. हातोडीच्या दांड्यानं लाकडावर टकटक करणार, कान लावणार आणि माझ्या तासाभराच्या मोजमापाचा निष्कर्ष दोन मिनिटांत सांगून मोकळे होणार. सगळ्यात मोठा राग सिमेंटवर. भिंतीतलं तुळईचं टोक सिमेंटनं लिंपलेलं दिसलं, की करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. "लाकडाला वारं पायजे. कोंडलं की कुजलं!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही म्हणेन.

मागच्या वर्षी मंगळवार पेठेतल्या एका घरी गेलो. तिथल्या वहिनी माडीवर शिवणाचा क्लास चालवायच्या. माडीची जमीन पायाखाली दबू लागली होती, आणि माडी उतरवावी लागली तर क्लास बंद, ही त्यांना धास्ती. आम्ही टेकू लावले, भिंत उकरली. तुळईचं टोक सिमेंटात, आणि आत लाकडाचा नुसता भुसा. मी कंटाळून शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. मामा तो भुसा चिमटीत घेऊन बघत बसले. शेवटी वहिनीच चिडल्या, "कुठल्या गाढवानं केलंय हे?"

"त्यो गाढव म्याच, ताई," मामा म्हणाले. "दारातनं आत आलो तवाच घर वळखलं. नवा नवा होतो. मजबूत हुईल वाटलं."

पुढचे आठ दिवस त्यांनी मला हात लावू दिला नाही. कुजलेला भाग कापून जुन्या सागाचा जोड दिला, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या ठेवून आरपार बोल्ट आवळले आणि टोकाभोवती बोटभर जागा मोकळी सोडली. माडी वाचली, क्लास पुन्हा सुरू झाला.

मी मात्र अडकलो. तेव्हा मामांनी अशीच सिमेंटनं लिंपलेली अजून पाच घरं होती म्हणे. मग दर रविवारी मामांना स्कूटरवर मागे बसवून ती शोधत फिरणं आलं. दार उघडलं की हे म्हणणार, "पावणं, तुळईचं टोक बघायचंय." कुणी चहा देतं, कुणी चोर समजतं. माझी पाठ धरते, आठवड्याची झोप बुडते.

परवा शेवटच्या घराच्या जागी चार मजली अपार्टमेंट निघालं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. "चला मामा, ही चूक आपोआप मिटली."

ते खालच्या पार्किंगकडे बघत राहिले.

"व्हय," म्हणाले. "पन जिना म्या लई झ्याक केलता की हितं."

स्कूटरला लावलेली किल्ली मी परत काढली आणि विचारलं, "कसा होता, मामा?"