पप्पांचा टेप आणि माझा मोबाइल

पप्पांचा छोटा टेप बंद पडला तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. आता तरी ते मोबाइलवर ऐकतील. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर होऊन बेलवलीत राहायला आले, तेव्हा त्यांनी पिशवीभर कॅसेट सोबत आणल्या होत्या. तरुणपणी ज्या गायन पार्टीत ते कोरसला असायचे, तिची भीमगीतं. बाजारात कधी न आलेली, कार्यक्रमातच टेप केलेली.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका दुकानातून मी ती सगळी मोबाइलमध्ये उतरवून आणली. पप्पांनी दोन दिवस ऐकली आणि मोबाइल परत दिला. "चांगलंय," म्हणाले. मग पेनड्राइव्हचा स्पीकर आणला. तोही "चांगलाय" म्हणून कपाटावर गेला.

मला काही कळेना. आवाज साफ, कॅसेट उलटायला नको, सगळी गाणी एका जागी. आणखी काय हवं?

"तुम्हाला जमत नाही का, पप्पा?"

"जमतं की. पण टेपच बरा होता."

वैतागून टेप त्याच दुकानात नेला. दुकानदार सिंधी काका म्हणाले, "बेल्ट गया है, डाल देता हूं. पर फोन में सब दिया ना? फिर ये किसलिए?"

"माहीत नाही, काका," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

टेप सुरू झाल्यावर पहिल्यांदाच पप्पांजवळ बसून बघितलं. मांडीवर वही. एक ओळ ऐकायची, थांबवायची, लिहायची. शब्द लागला नाही की अंगठ्याने, न बघता, किंचित मागे. गाणी रचणारे शाहीर गेले, त्यांची वही कुणालाच सापडली नाही. म्हणून हा उद्योग. मोबाइलवर बोट सरकलं की गाणं दोन कडवी मागे जायचं. स्पीकरवर तर थेट पुढचंच गाणं.

"मग सांगायचं ना!"

"तू एवढ्या हौसेने आणलेलंस."

मी चुकले, असं ठरवून टाकलं. आणि आठवड्याभरात टेपने एक कॅसेट गिळली. फीत चुरगळून बाहेर आली. पप्पा ती बोटांनी सरळ करत बसले.

ते गाणं मोबाइलमध्ये होतं. मी लावलं. "मागे घे," पप्पा म्हणाले. "अगं, एवढं नको." माझंही बोट सरकत होतं. एका शब्दावर दोघं अडलो. त्यांना "वाट" ऐकू येत होतं, मला स्पष्ट "लाट".

"टेपवर वाटच होतं," पप्पा म्हणाले.

"टेपवर खरखर होती, पप्पा. तुम्ही स्वतः गायलायत ना हे? आठवा की."

त्यांनी डोळे मिटून ती ओळ गुणगुणली. एकदा वाट, एकदा लाट. दोन्ही चालीत बसत होते. शेवटी त्यांनी वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, आणि मला म्हणाले, "चल, पुढची ओळ लाव."