दाजींसाठी सोपं गाणं

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला गाता येत नाही असं नसतं, त्याला गायची लाज वाटते. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण असे दहा-बारा जण मी गाते केलेत. मस्तगडला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि दर रविवारी दुपारी वरच्या खोलीत आमचा कराओकेचा अड्डा भरतो. बियाण्यांच्या कंपनीतले एक साहेब, एक जनावरांचे डॉक्टर, दोन बँकवाले, बाकी दुकानदार. घरी मोठ्याने शिंकायचीही चोरी असलेली ही मंडळी. माईक हातात दिला की पहिल्या दिवशी प्रत्येकाचा घसा नेमका बसलेला असतो.

त्यांना गाणं निवडून देण्याचं खातं माझ्याकडे. त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, उगाच नम्रपणा कशाला. नियम साधे. गाणं संथ हवं. सूर फार वर चढता कामा नये, हरकती-मुरक्या नकोत, आणि दोन कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा एवढा लांब हवा की माणसाला घाम पुसून घोटभर पाणी पिता यावं. सुरुवातीला शब्द मी गाऊच देत नाही, नुसतं 'ला ला ला'. चाल अंगात मुरली की मग पडद्यावरचे शब्द. तेही हिंदी, आणि इंग्रजी अक्षरांत. ते वाचताना आमच्या लोकांची अशी तारांबळ उडते की अर्थ डोक्यात शिरायला जागाच उरत नाही. मी तरी कुठे ऐकतो? माझे कान सगळे सुराकडे.

दाजी दुकानात आले आणि गाण्याचं बोलले तेव्हा मी चाटच पडलो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर मंठ्याकडचं, शेतकऱ्याचं. नोकरी अंकुशनगरला, साखर कारखान्यात उसाच्या गाड्या वजन करायच्या काट्यावर. दिवसभर ट्रॅक्टरवाल्यांच्या आरडाओरड्यात काढून हा माणूस घरी यायचा तो तोंडाला कुलूप लावूनच. ताईला त्यांनी कधी नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. ते स्टुलावर बसले, काउंटरवरचं एक बटण उगाच चालू-बंद करत राहिले आणि म्हणाले, "लग्नाला पंचवीस वर्षं होऊन राह्यली. पोरांनी हॉल घेतलाय. तिथं मला एक गाणं म्हणायचंय. तुझ्या ताईसाठी."

"दाजी, तुम्ही?"

"हां. बोलायला तर कधी जमलं न्हाई. गाण्यात कसं, शब्द दुसऱ्याचे असतात, आपण फक्त म्हणायचे. तेवढ्यात तरी तिला कळंल."

काय कळेल, हे मी विचारलं नाही. मला गलबलून आलं. एवढा अबोल माणूस आयुष्यात एकदा बायकोला काही सांगू बघतोय, त्याची फजिती होता कामा नये, असं मी मनाशी ठरवलं आणि आमच्याकडचं सगळ्यात सोपं गाणं त्यांना दिलं. चार-पाच सुरांत सगळा खेळ. दाजी रविवारच्या रविवारी एसटीने यायचे आणि डोळे मिटून 'ला ला' करायचे; शब्द फक्त शेवटच्या दोन रविवारी, पडद्यावरची अक्षरं जुळवत. आवाज खालचा, जरा थरथरणारा, पण सुराला पक्का. मी एकच गोष्ट घोकून घेतली होती. "लोकांकडं बिलकुल बघायचं न्हाई. ताई समोर बसंल, फक्त तिच्या डोळ्यात बघायचं."

"बराबर," दाजी म्हणायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी जेवणाआधी दाजींना माईक दिला. ताई पहिल्या रांगेत, नव्या पैठणीत अवघडून बसलेली, आणि शब्दांचा पडदा मी मुद्दाम तिच्या खुर्चीला लागूनच ठेवलेला. दाजींनी पहिली ओळ बरोबर पकडली आणि मी हुश्श केलं. मोकळ्या कानांनी त्या गाण्याचे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

गाण्यातला बाबा आपल्या जुन्या प्रेयसीला सांगत होता की घरच्यांच्या भिडेपोटी मी दुसरीशी लग्न केलं, पण संसारात जीव काही रमला नाही. पुढचं कडवं त्याहून भयंकर. घरातली बिचारी मला आपला समजते, तिला काय ठाऊक मी कुणाला आठवत असतो. आणि हे सगळं दाजी माझ्याच हुकुमावरून ताईच्या डोळ्यांत बघून म्हणत होते. संथ आणि सोपी गाणी बहुतेक सगळी रडकी असतात, हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी सासऱ्याच्या एकसष्टीला काय म्हटलं होतं ते आठवून अंगावर काटा आला.

मशीनची वायर ओढावी म्हणून मी उठलोसुद्धा. पण दाजींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हात धजावला नाही. इतकं सुखी मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, लांबच्या एका मावशीने तर डोळे पुसले. शब्द कुणीच ऐकले नव्हते. मी ताईकडे वळलो तर तिची खुर्ची रिकामी.

ती हॉलमागच्या खोलीत होती, आहेरात आलेल्या साड्या पिशवीत भरत. रडत असेल असं वाटलं होतं. ती शांत होती.

"ताई, ते गाणं..."

"चांगलं म्हणले," ती म्हणाली. "मला पहिल्याच वर्षी वाटल्तं. रोज संध्याकाळी एकटेच पाटाकडं फिरायला जायचे, अन् आले की गप. म्हणलं, असंल कोणीतरी. घरच्यांनी मला गळ्यात बांधलं असंल. आज कबूल केलं त्यांनी. बरं झालं बाबा, मोकळं वाटून राह्यलं."

ही माझी बहीण दर दिवाळीला माहेरी आली, हसली, भावजयीशी थट्टामस्करी केली, चिवड्याचा डबा घेऊन परत गेली. पोटात हे घेऊन. आणि आम्हाला वाटायचं, ताईचं कसं छान चाललंय.

दारात चाहूल लागली. दाजी उभे होते. शाबासकी घ्यायला आले असावेत, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहरा पांढराफटक.

"ताई, गाणं मी निवडलं गं," मी म्हणालो. "त्यांना अर्थ..."

"तू मधी पडू नको," ती म्हणाली. बघत होती ती दाजींकडे.

दाजींचे ओठ नुसतेच हलले. नवख्या माणसाचं पहिल्या ओळीला होतं ना, तसं. मला वाटलं, आता हे नेहमीसारखे वळून निघून जाणार. पण ते आत आले.

"फिरायला जायचो ते तुझ्याशी काय बोलायचं ते ठरवायला," ते म्हणाले. "पाटापर्यंत गेलो की सगळं ठरलेलं असायचं. घरी आलो की तोंडच उघडायचं न्हाई." मग म्हणाले, "दुसरी कुठून आणू मी? घरातल्या बायकोशी बोलायची हिंमत झाली न्हाई मला, दुसरीशी काय बोललो असतो?"

मला वाटलं ताई हसेल, नाहीतर रडेल. तिने यातलं काहीच केलं नाही. हातातली साडी तशीच धरून ती खाली सतरंजीवर बसली आणि दाजींकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. मग विचारलं, त्यांना की मला ते कळलं नाही.

"मंग मी इतकी वर्षं जळले कोणावर?"