सासऱ्यांनी सर केलेला डोंगर

माझे सासरे एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, पण बोलण्यातून काही झाले नाहीत. लग्न असो की दहावा, पंगतीत बसले की तरुणपणी त्यांनी सर केलेला कळवणपुढचा एक डोंगर बुंदीबरोबर वाढला जायचा. शेळीसुद्धा विचार करून चढेल अशी वाट, आणि हे म्हणे साध्या चपलांवर थेट माथ्यावर, तिथल्या वडाच्या सावलीत. मी अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. चेहरा गंभीर ठेवून थापा ऐकणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे जावई म्हणून मला ते जड गेलं नाही.

यंदा मे महिन्यात बायकोने ठरवलं, बाबांबरोबर तो डोंगर चढायचाच. मी उन्हाचं कारण पुढे केलं. गंमत म्हणजे मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, माझ्याहून जास्त कारणं काढली. गुडघा, वणवे, उष्माघात. मला वाटलं, वय झालं. बायको हट्टाला वडिलांवरच गेलेली. तिने दशम्या बांधल्या.

उजाडताना पायथ्याच्या वाडीत गाडी लावली. अंगण झाडणाऱ्या एका आजींना वाटेचं विचारलं. त्यांनी आम्हा तिघांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "वाट हाय. पण वर काय हरवलंय का तुमचं?"

पहिल्या चढावरचं सगळं गवत वणव्यात जळून गेलेलं. पाऊल टाकलं की काळी राख उडायची. अर्ध्या तासात आम्ही कोळशाच्या वखारीतून निघाल्यासारखे दिसायला लागलो. मामांना त्यात नोकरीतले दिवस आठवले असावेत, ते खुशीत आले.

पुढे कुठल्याशा हौशी मंडळींनी दगडांवर वाटेचे बाण रंगवले होते. पांढरे बाण डावीकडे जात होते, पिवळे उजवीकडे. आम्ही पांढऱ्यांवर विश्वास ठेवला. ते एका निवडुंगाच्या जाळीपाशी संपले. रंगवणाऱ्याचा डबा तिथेच संपला असावा. परत फिरून पिवळे धरले, तर नुसता घसारा. सुट्टा मुरूम, धरायला एक झुडूप नाही. दोन पावलं वर, एक खाली. त्यातच तापलेल्या दगडांनी माझ्या बुटाचा तळ सुटला आणि कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबायला लागला. बायकोने तो स्वतःच्या ओढणीने बांधून दिला. वर खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं होतं. तळाला हिरवं पाणी, त्यात एक सरडा उताणा. मामा म्हणाले, आम्ही हेच प्यायचो. यावर कोणालाच तहान नसल्याचं निघालं.

मग कातळ आला. आडवी, वीतभर रुंदीची वाट, एका अंगाला दरी. खोदलेल्या पायऱ्या मधेच तुटलेल्या. मामा गुडघा चोळत अलीकडेच एका कपारीत बसले. बायको कातळाला बिलगून सरळ पलीकडे गेली. मी निम्म्यात पोचलो, खाली बघितलं आणि तिथेच बसलो. माथ्यावरच्या देवीला नवस बोलायचं मनात आलं, पण नारळ वाहायला पुन्हा इथेच यावं लागलं असतं, म्हणून तोही सोडला. बसल्या बसल्या, इंचाइंचाने मागे सरकत परत आलो आणि कपारीच्या सावलीत मामांशेजारी कोसळलो.

पलीकडून बायको हाका मारत होती. मामांनी तिला ओरडून सांगितलं की तू हो पुढे, आम्ही बसतो. ती वळणाआड गेली. मग ते हळूच म्हणाले, "पाहुणे, मीही इथूनच परत फिरलो होतो."

मी विचारलं, "आणि माथा?"

"माथा बरोबरच्यांनी पाहिला. मला त्यांनी सांगितला."

मला इतकं हसू आलं की दरीचा विसर पडला. ते आधी रागावले, मग त्यांचंही पोट हलायला लागलं. तिला सांगू नका, एवढंच ते दोनदा म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस मला नात्यातला वाटला.

बायको परतली ती लालबुंद होऊन, पण तिचा चेहरा मी लग्नातही इतका खुललेला पाहिला नव्हता. वर घुमटी आहे, वारा आहे, सगळ्या डोंगररांगा दिसतात, असं भराभर सांगून तिने विचारलं, "बाबा, तुम्ही सांगता ते वडाचं झाड मात्र कुठेच कसं नाही?"

मामांना अचानक बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. मी म्हणालो, वणव्यात जळालं असेल.

"वर नुसता खडक आहे," ती म्हणाली. तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं, दशमी सोडली आणि मोठा तुकडा आधी वडिलांना दिला.

घसाऱ्यावरून आम्ही तिघंही बुडावर घसरत उतरलो. माझी पॅन्ट खालच्या शेतापर्यंत टिकली, मामांची त्याआधीच गेली. ते पंचा मागे धरून गाडीपर्यंत चालले, तेही ऐटीत.

आता बायको दर महिन्याला एका रविवारी गटाबरोबर डोंगरावर जाते. आम्हाला ती येता का म्हणून विचारत नाही. त्या रविवारी मामा आमच्याकडे येतात, मी मटण करतो, आणि जेवून आम्ही दोघं पंख्याखाली आडवे होतो.