उंटाच्या पायाचा हात

मैंदर्गीचा इराण्णा कृत्रिम हातपाय बनवायचा. पण माणसाचे हातपाय बघायचा त्याला भारी कंटाळा. आता तो नाही, म्हणून बोलून घेते. नवी पेठेमागच्या त्याच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा हा बाबा टेबलावर चढून छतावरची पाल न्याहाळत होता. मी घसा खाकरला. एकदा, दोनदा, दहादा. शेवटी पालच लाजून निघून गेली, तेव्हा कुठे तो खाली उतरला.

कडबाकुट्टीच्या यंत्रात माझा उजवा हात मनगटापासून गेला होता. भाकरी थापून विकणारी बाई मी. माझ्या पातळ, कडक भाकरीआडून पेपर वाचता यायचा. आता सून थापत होती, आणि तिच्या भाकरीवर पाट म्हणून बसता आलं असतं. गिऱ्हाईक एकेक करून तुटत चाललं होतं.

“मला भाकरी थापायला हात पायजे, बास,” मी म्हणाले.

“तडीरी अक्का.” म्हणजे थांबा. हा शब्द पुढे सहा महिन्यांत मी लाखभर वेळा ऐकला. “देवानं परत्येक कामाचा अवयव कुटंतरी आदीच करून ठिवलाय. आपुन फकस्त हुडकायचा.”

पहिला हात त्याने पालीच्या पंजावरून केला. घट्ट धरणारा! इतका घट्ट, की भाकरी सुटेचना. ती तशीच हाताला घेऊन मी भर बाजारातून त्याचं दुकान गाठलं. वाटेत दोन बायकांनी भाव विचारला.

“इराण्णा, भाकरी धरायची न्हाय, सोडायची असती!”

“मग हे आदी सांगायचं की!” तो हरखून म्हणाला आणि आठ दिवस गायबच झाला. सापडला तो विजापूर रस्त्याकडेच्या माळावर, एका उंटामागे रांगताना. उंटवाला वैतागला होता. “आपा, ये तुमारा आदमी है क्या? सुबू से ऊँट का पाँव देखरा.”

“माझा असता तर बांधून ठिवला असता,” मी म्हणाले.

उंटाचा तळवा मऊ. टेकला की पसरतो, उचलला की आवळतो. इराण्णाने तसाच गादीचा तळवा केला आणि माझ्या चुलीपुढे ठाण मांडून बसला. मी थापायला लागले. भाकरी काटवटीत गरागरा फिरली, अलगद सुटली, तव्यावर गेली. चुलीला धूर फार होता, म्हणून डोळे पुसले.

इराण्णाने भाकरीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. “कड जाड हाय, अक्का. हात द्या काढून. आठ दिस लागतील.”

“आरं मेल्या, गिऱ्हाईक दारात हुबं हाय!”

त्याने पिशवी उघडून पुढे धरली. त्याच हाताने त्याला एक ठेवून द्यावी असं मनात आलं. पण मी डाव्या अंगठ्याने कड चाचपली. जाडच होती की. हात काढला, पीठ पुसलं, त्याच्या पिशवीत कोंबला. दारातल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “माजी भाकरी आजून झाली न्हाय. आठ दिस सुनंचीच खावा.”