चार चाळीसची रिंग

फोन सकाळी आला, मी चहा गाळत होतो तेव्हा. पलीकडे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा एक पोलीस होता, आवाजावरून तरुण वाटला. त्याने आधी माझं नाव विचारलं, मग मी बसलोय का ते विचारलं. माझा मित्र शेखर गेला होता. ओटॅगोमध्ये जुन्या रेल्वेचे रूळ काढून सायकलींसाठी केलेली वाट आहे, तिच्यावर, टायरी नदीच्या वरच्या अंगाला. सकाळी चालायला निघालेल्या एका जोडप्याला तो कुंपणाला टेकून बसलेला दिसला. सायकल शेजारी नीट लावलेली, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. हृदय बंद पडलं असावं, असं पोलीस म्हणाला. मग कागद चाळल्याचा आवाज आला.

"काल दुपारी चार चाळीसला त्याने तुमच्या घरी फोन लावलेला दिसतो. काय बोलला?"

"काही नाही. एक रिंग वाजली. आम्ही उचलला नाही."

"व्हाय नॉट?"

घरातला फोन वाजतो आणि तीन माणसं तो ऐकून समाधानाने बसून राहतात, हे त्या पोराला कसं समजावणार? आज सहा आठवडे झाले, स्वतःलाही नीट समजावता आलेलं नाही...

शेखर आणि मी मिरजेचे. इंजिनीअरिंगला पुण्याला गेलो तेव्हापासूनची ही रीत. गाडीतून उतरलं की घरी फोन लावायचा, एक रिंग वाजू द्यायची आणि ठेवून द्यायचा. घरचे म्हणायचे, पोचला. वाजत राहिला तरच उचलायचा, कारण मग काहीतरी बिनसलेलं असायचं. पुढे दोघंही ऑकलंडला आलो. तो पेनरोजच्या एका कारखान्यात यंत्रं सांभाळायचा, मी पापाटोएटोला राहून कॉम्प्युटरसमोर डोळे फोडायचो, पण ही रीत काही सुटली नाही. शेखरने लग्न केलं नव्हतं. त्याची आई, आमच्या काकू, वर्षातले सहा महिने इथे यायच्या. तो सायकल घेऊन निघाला की काकू स्वतःचं पोळपाट-लाटणं पिशवीत घालून आमच्याकडे राहायला. आमच्या पोळपाटावर त्यांचा विश्वास नव्हता.

मी मुळात भित्रा माणूस. शेखर मला त्याच वाटेवर एकदा घेऊन गेला होता, दोन वर्षांपूर्वी. "अरे रेल्वेची वाट आहे, चढ कुठून असणार? तुझ्या मुलीलाही जमेल," असं पटवून. चढ नव्हते हे खरं, पण दरीवरचे पूल होते. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसायचं, आणि मी सायकल हातात धरून, नजर समोर ठेवून चालायचो. शेखर पलीकडे उभा राहून मनुके खायचा. बोगद्यात तर माझी बोबडीच वळली. आत वळण होतं, पुढचं तोंड दिसेना, मागचं मिटत गेलं. मी थांबलो. पुढून शेखरचा आवाज आला, "सुध्या, उजवा हात भिंतीला लाव आणि ये. मी बोलत राहतो." आणि तो खरोखरच बोलत राहिला, मेसमधल्या आमटीबद्दल, प्रॅक्टिकलला फुटलेल्या काचेबद्दल, मी बाहेर पडेपर्यंत. त्याने मला कधी भित्रा म्हटलं नाही. मीच म्हणायचो.

त्याच दिवशी संध्याकाळी, मुक्कामाचं गाव अजून पाच किलोमीटर होतं तेव्हा, एका उंचवट्यावर तो थांबला. खाली टायरी पसरली होती, वाऱ्याने गवत आडवं झालेलं. त्याने खिशातून मोबाइल काढला, एक रिंग दिली आणि ठेवला.

"पोचलो कुठे अजून?" मी विचारलं.

"गावात रेंज नसते रे. इथेच काय ती असते. आई तिकडे घड्याळाकडे बघत बसते, तिला कशाला ताटकळत ठेवायचं?"

"आणि पुढच्या पाच किलोमीटरात काही झालं तर?"

"काय होणारे? स्वीट ॲज, एकदम झकास," तो म्हणाला आणि निघाला. मी मात्र ते पाच किलोमीटर जीव मुठीत धरून कापले. पोचल्याचं कळवून झालं होतं आणि आम्ही पोचलो नव्हतो, याची मला कारण नसताना भीती वाटत होती.

तर त्या दिवशी चार चाळीसला आमच्या घरचा फोन एकदा वाजला. माझी मुलगी मुक्ता म्हणाली, "शेखरकाका रीच्ड!" काकूंनी हातातली कणीक पुन्हा मळायला घेतली. "पोचला गं बाई," त्या म्हणाल्या. मी घड्याळ पाहिलं. घरात मला एकट्याला माहीत होतं की तो पोचलेला नाही, त्या उंचवट्यावर उभा आहे. तासाभराने त्याच्या मुक्कामाच्या हॉटेलवर फोन करावा असं मनात आलंही होतं. नंबर फ्रिजवर लावलेला होता. पण काकूंसमोर फोन फिरवला तर त्या घाबरतील, आणि शेखर नंतर हसेल, म्हणून राहू दिलं. आयुष्यभर नको तिथे घाबरलो आणि त्या एका दिवशी शहाण्यासारखा वागलो.

आता रोज तो उंचवटा डोळ्यांसमोर येतो. सायकल तिथेच सापडली. त्याने नेहमीची रिंग दिली आणि मग त्याला घाम फुटला, की घाम फुटल्यावर त्याने फोन लावला आणि रेंज गेली? पहिलं असेल तर फोन उचलूनही काही उपयोग नव्हता. दुसरं असेल तर तो आमच्याशी बोलू पाहत होता. बोगद्यात तो माझ्यासाठी बोलत राहिला, आणि इथे... डॉक्टरांचा अहवाल आला आहे. तो किती वेळ जिवंत होता हे त्यात असेल. पाकीट मी अजून फोडलेलं नाही, कपाट उघडतानासुद्धा ते दिसू नये म्हणून वर बघतो.

काकूंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "पोचल्यावर ना रे? झोपेत?" मी हो म्हणालो. "रिंग दिली होती त्याने," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोचून मगच गेला." पुढे येणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच सांगत राहिल्या आणि मी शेजारी मान खाली घालून बसायचो. त्या वाक्यावर त्या उभ्या होत्या, ते काढून घ्यायची माझी छाती झाली नाही.

गेल्या महिन्यात त्या अस्थी घेऊन मिरजेला परत गेल्या. पोळपाट मात्र इथेच ठेवला. दुसऱ्या दिवशी आमचा फोन वाजला. हल्ली मी फोन दुसऱ्यांदा वाजूच देत नाही, अंघोळीतून ओला पळत येतो. पहिल्याच रिंगला उचलला.

पलीकडे काकू दचकल्या. "अरे, उचललास कशाला? काही झालंय का?"

"नाही, काकू."

"पोचले, एवढंच सांगायचं होतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. हे छापून येतंय ती वर्तमानपत्राची पुरवणी दर रविवारी त्यांच्याकडे येते, भिंग घेऊन त्या शेवटच्या पानापर्यंत वाचतात. लेख आधी त्यांच्या भाचीला पाठवला आहे, ती आज त्यांच्याजवळ बसलेली असेल. अशी गोष्ट कागदावरून कळवणं बरं नव्हे, पण भित्र्या माणसाला एवढंच जमतं.

काकू, शेखर पोचला नव्हता. पाच किलोमीटर राहिले होते, आणि मला ते माहीत होतं. वाचून झालं की फोन करा. रागावायचं असेल तरी करा. फक्त एक रिंग देऊन ठेवू नका... वाजू द्या. मी फोनजवळच बसलोय.