आतल्यासारखी हवा

आमच्या घरात ‘आत’ म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. ‘हे आत गेलेत’ म्हणजे हे कोल्ड स्टोरेजमध्ये गेलेत, गोठवलेल्या मासळीची खोकी रचायला. लग्न झाल्यापासून हे आतच आहेत. स्वभावानेही मधूनच कधीतरी बाहेर येतात.

लेकीला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला. एक जवळचं, बसने जाऊन-येऊन करण्याजोगं, पण तिथलं ऊन डोकं उठवणारं. दुसरं लांब डोंगरावर, अर्धं वर्ष बर्फात. शिक्षण तिथलं चांगलं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण पंख्याखाली चादर घेऊन झोपणारी पोर त्या थंडीत तग धरेल का, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, आधी कुणीतरी बघून यावं. आणि अक्कल गहाण ठेवून यांनाच पाठवलं.

हे परत आले, बूट काढले, पाणी प्यायले.

"बाबा, कशी आहे हवा?" लेकीने विचारलं.

"आतल्यासारखी."

"म्हणजे बरी?"

"बरीच की. माणूस काम करू शकतो."

तिने तेवढ्यावरच ठरवून टाकलं. मी यांच्यावर तोंडसुख घेतलं. "अहो, उकळत्या चहाचं भांडं तुम्ही फडक्याशिवाय उतरवता. तुम्हाला विचारून काय उपयोग?" यांनी आपले हात पाहिले आणि खिशात घातले. ती निघाली तेव्हा मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिचं अंथरूण गुंडाळून ठेवलं आणि भांडी घासायला बसले.

बर्फ पडायला लागल्यावर तिचा फोन आला. "आई, बोटं इतकी दुखतात, पेन धरवत नाही. माझं चुकलं का गं?" मी ‘ये निघून’ म्हणणार, तोच यांनी फोन मागून घेतला.

"हीटरजवळ हात नेऊ नकोस, काखेत धर," हे म्हणाले. "दुखतायत ना अजून?"

"खूप दुखतायत, बाबा."

"मग राहा. दुखायची थांबली, की त्याच दिवशी घरी ये. शिक्षण गेलं खड्ड्यात."

फोन ठेवल्यावर मी यांचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, याची लाज वाटली.

"तुमची कधी थांबली?"

यांनी दुसऱ्या हाताची बोटं मिटून उघडली.

"ती चालायला शिकत होती ना, तेव्हा. तिने बोट धरलंय की सोडलंय, ते मला खाली बघून कळायचं."