गीताबाईंची नजर

गारखेड्यात कुजबुज होती, की गीताबाईंना जी मालिका आवडते ती शंभर भागांच्या आत बंद पडते. खोटं कशाला बोलू, त्यांच्या शेजारी राहून चार घरी ती मीच पोचवली. तीन चांगल्या मालिका तशाच गेल्या होत्या ना!

मजा अशी, की ह्याच बाईंनी तीस वर्षं अंगणवाडीत लेकरांच्या गालांवरचे काजळाचे टिळे पुसले. "बाबासाहेबांची माणसं आपण, नजरबिजर काय नसतं," असं त्या आयांना दटावत.

मग त्यांच्या लेकाला, प्रणयला, मालिकेत शिक्षकाचं काम मिळालं. बारा वर्षं नाटकांत राबल्यावर पहिलंच. तेव्हापासून संध्याकाळचे सात वाजले की टीव्हीवर ती मालिका लागायची. बाई मात्र स्वयंपाकघरात दाराकडं पाठ करून बसायच्या.

"आई, या की! हे आले बघा," सून विशाखा हाक मारी.

"नाय गं. आवाज वाढव, मी इथूनच ऐकते."

मी चिडवलं, "टिळे पुसणाऱ्या तुम्ही, आता भिता व्हय?"

"लेकाचं हाय हो," त्या पुटपुटल्या.

एका सोमवारी पडद्यावर प्रणय हुंदके देऊन रडला आणि बाईंना राहवलं नाही. त्यांनी दाराच्या फटीतून एकदाच पाहिलं. पंधरा दिवसांत मालिका बंद झाल्याचा फोन आला. "माझ्याच नजरेनं गेली," म्हणत बाई खाली बसल्या. घरी आलेल्या प्रणयच्या तोंडाकडंही त्या बघेनात.

खरं एवढंच, की बाईंच्या आवडीच्या मालिका थोडीच घरं बघत होती. त्यामुळं जाहिराती कमी आल्या आणि वाहिन्यांनी त्या बंद केल्या. प्रणयचीही तशीच बंद झाली.